विनोद फेब्रुवारीचा, राग मार्चचा

शनिवार, 17 नोव्हेंबर 2012, दुपारी 3:33

मातोश्रीवर बाळासाहेब ठाकरे यांचं निधन होतं. दुसऱ्या दिवशी, रविवारी, मुंबई आणि आजूबाजूचा पट्टा बंद. पालघरची 21 वर्षांची एक मुलगी फेसबुकवर लिहिते की हा बंद आदरापोटी नाही, भीतीपोटी आहे. तिची मैत्रीण त्याला लाईक करते. मैत्रिणीने केलेलं एवढंच.

जमाव त्या मुलीच्या काकांच्या हाडांच्या दवाखान्यात घुसतो आणि मोडतोड करतो. काकांनी काहीच लिहिलेलं नसतं. दोघींना पोलीस ठाण्यात नेलं जातं. सोमवारी प्रत्येकी 15,000 रुपयांच्या जामिनावर त्या सुटतात. चौकशी होते आणि नोव्हेंबर संपायच्या आत ठाणे ग्रामीणचे पोलीस अधीक्षक आणि एक निरीक्षक निलंबित होतात.

पालघर तेव्हा जिल्हा नव्हता, ठाण्यातला तालुका होता. डहाणू रोडहून चर्चगेटकडे निघालं की वाणगाव, बोईसर, उमरोळी आणि चौथं स्टेशन पालघर. माझ्यासारख्या वाढवणच्या माणसाला ते काही परमुलूख नाही. त्याच रुळांवर पुढे खार रोड लागतं.

मंगळवार, 24 मार्च 2015

सर्वोच्च न्यायालय माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 66अ रद्द करतं. पालघरच्या त्या दोघींवर लावलेलं हेच कलम, आणि त्यांच्या अटकेनंतरच दिल्लीतल्या कायद्याच्या एका विद्यार्थिनीने याचिका केलेली. ही तारीख लक्षात असू द्या.

त्याच वर्षी जानेवारीत एआयबी या विनोदकारांच्या गटाने वरळीत केलेल्या रोस्टचा व्हिडिओ यूट्यूबवर येतो. कार्यक्रम झालेला असतो 20 डिसेंबरला, हजारो लोकांसमोर. सभागृहात त्या रात्री कुणी खुर्ची फेकत नाही. संताप येतो तो सहा आठवड्यांनी, फोनवर पाहणाऱ्यांना. फेब्रुवारीत व्हिडिओ उतरवला जातो आणि गुन्हे नोंदवले जातात. सभागृहातला प्रेक्षक तिकीट काढून, काय ऐकायला मिळणार ते ठाऊक असताना आलेला असतो. फोनवरच्या माणसापर्यंत अर्ध्या मिनिटाचा तुकडा येतो, आणि तोही बहुधा राग यावा म्हणूनच कुणीतरी पाठवलेला. स्टँडअपवाल्यांना हा फरक तेव्हाच कळलेला आहे.

जून 2022 ते एप्रिल 2023

एकनाथ शिंदे शिवसेनेचे आमदार घेऊन सुरतमार्गे गुवाहाटीला जातात. उद्धव ठाकरे यांचं सरकार पडतं, शिंदे मुख्यमंत्री होतात. ‘गद्दार’ हा शब्द तेव्हापासून ठाकरे गटाच्या प्रत्येक सभेत. ऑगस्टमध्ये विधान भवनाच्या पायऱ्यांवर विरोधी आमदार खोक्यांच्या, म्हणजे फुटीरांनी पैसे घेतल्याच्या, घोषणा देतात. पायऱ्यांवरच्या आमदारांवर त्यासाठी गुन्हा होत नाही. एप्रिल 2023 मध्ये छत्रपती संभाजीनगरचा एक रॅपर तेच खोके गाण्यात घालतो, तेव्हा त्याच्यावर अंबरनाथला गुन्हा नोंदवला जातो. पुढाऱ्याने म्हटलेलं चालतं, कलावंताने म्हटलेलं महाग पडतं, हे इथेच दिसलं होतं.

गुरुवार, 14 नोव्हेंबर 2024

मुंबई, खार. युनिकॉन्टिनेंटल हॉटेलातलं ‘द हॅबिटॅट’. नवखे विनोदकार, कवी, गिटारवाले यांना माईक देणारी जागा. येथे यूट्यूबवरच्या ‘इंडियाज गॉट लेटेंट’ या विनोदी कार्यक्रमाचा एक भाग चित्रित होतो. आई-वडिलांवरून केलेला, पुढे गदारोळ उठवणारा प्रश्न याच भागातला. प्रेक्षक हसतात, घरी जातात.

फेब्रुवारी 2025 चा आरंभ, तोडफोडीच्या सात आठवडे आधी

विनोदकार कुणाल कामरा याच मंचावर उभे राहतात. कॅमेरे चालू असतात. पंतप्रधान, अंबानी, महिंद्रा यांच्यावर बोलून झाल्यावर ते ‘दिल तो पागल है’मधल्या एका गाण्याच्या चालीवर विडंबन म्हणतात. नाव कुणाचंच नाही. ठाणे आहे, रिक्षा आहे, दाढी आणि चष्मा आहे, गुवाहाटी आहे आणि तो शब्दही आहे. ओळखायला कुणालाच वेळ लागत नाही.

विडंबन म्हणून ते फार उंचीचं नाही. रिक्षावाल्याची टिंगल हा तसाही सोपाच माल, आणि आपण रिक्षा चालवली हे शिंदे स्वतः सभांमधून अभिमानाने सांगतात. पण ते ऐकून त्या खोलीत कुणी उठून गेलं नाही, पोलिसांना फोन केला नाही. चित्रीकरण संकलनाला जातं.

सोमवार, 10 फेब्रुवारी, 41 दिवस आधी

‘लेटेंट’च्या त्या भागावरून देशभर गदारोळ. खार पोलीस हॅबिटॅटमध्ये येतात. मंचावर कोण काय बोललं याचा जाब जागेच्या दारात विचारला जातो. कामरांचं चित्रीकरण तेव्हा संकलनाच्या टेबलावर आहे. ते प्रदर्शित करायचं की नाही, कधी करायचं, जागेच्या मालकांना आधी दाखवायचं की नाही, हे ठरवायला अजून सहा आठवडे हाताशी आहेत.

रविवार, 23 मार्च 2025

‘नया भारत’ हा सुमारे 45 मिनिटांचा कार्यक्रम यूट्यूबवर येतो. त्यातून विडंबनाचा तुकडा वेगळा निघतो आणि फिरू लागतो. ठाकरे गटाचे खासदार संजय राऊत तो आपल्या खात्यावरून कौतुकासह पुढे पाठवतात. आता तो नुसता विनोद राहत नाही. एका सेनेने दुसऱ्या सेनेवर फेकलेला दगड होतो.

शिंदे यांच्या पक्षाचे ठाण्याचे खासदार नरेश म्हस्के व्हिडिओतून इशारा देतात: कामरांना देशात फिरणं मुश्किल होईल, शिवसैनिक मागे लागतील. हे जाहीर आहे, कॅमेऱ्यासमोर आहे. कामरा मुंबईत नाहीत, तमिळनाडूत आहेत. म्हणजे राग काढायला मुंबईत उरतं ते एकच ठिकाण. त्याचं नाव व्हिडिओत दिसतं आणि पत्ता गुगलवर मिळतो. त्या दारावर संध्याकाळी पुरेसा बंदोबस्त असता तर पुढचं काही लिहावं लागलं नसतं.

रविवार, रात्र

हॅबिटॅटमध्ये दुसऱ्याच एका विनोदकाराचा कार्यक्रम सुरू आहे. तिकीट काढून आलेले लोक बसलेले आहेत. शिंदे गटाचे कार्यकर्ते आत शिरतात, त्यांत युवासेनेचे राहुल कनाल. कार्यक्रम बंद पाडला जातो. खुर्च्या उचलून आपटल्या जातात, दिवे फुटतात. मोबाईल चालू आहेत. फोडणारेच चित्रीकरण करतायत, कारण हेही पुढे पाठवायचं आहे.

मंचावरच्या त्या विनोदकाराचा शिंदे यांच्याशी काही संबंध नाही. प्रेक्षकांनी ते विडंबन कदाचित पाहिलेलंही नाही. पालघरच्या काकांसारखेच तेही.

येथे एक गोष्ट सांगून पुढे जाऊ. ज्या पक्षाच्या नावाने ही मोडतोड झाली, त्याचा जन्म व्यंगचित्रांतून झाला. ‘मार्मिक’ 13 ऑगस्ट 1960 रोजी निघालं, शिवसेना त्यानंतर सहा वर्षांनी. बाळासाहेबांच्या कुंचल्यातून मुख्यमंत्री सुटले नाहीत की पंतप्रधान. त्यांची नाकं, पोटं, टोप्या सगळं त्यात आलं.

सोमवार, 24 मार्च, मध्यरात्रीनंतर

अंधेरीच्या एमआयडीसी पोलीस ठाण्यात आमदार मुरजी पटेल यांच्या तक्रारीवरून कामरांवर गुन्हा नोंदवला जातो: भारतीय न्याय संहितेची कलमं 353 आणि 356, सार्वजनिक शांततेला बाधा आणि बदनामी. प्रकरण खार पोलिसांकडे वर्ग होतं. पटेल माफीसाठी दोन दिवसांची मुदत देतात. खार पोलिसांत तोडफोडीचा गुन्हा वेगळा नोंदवला जातो.

मुदत दोन दिवसांची, पण मोडतोड आधीच होऊन गेलेली.

कामरा एक फोटो टाकतात. हातात लाल कव्हरचं खिशात मावेल एवढं संविधान.

सोमवार, दिवसभर

विधिमंडळाचं अधिवेशन चालू आहे. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस म्हणतात, कामरांनी माफी मागावी. गद्दार कोण ते जनतेने 2024 च्या निवडणुकीत दाखवून दिलं आहे. आकडे त्यांच्या बाजूचे आहेत: विधानसभेत शिंदे यांचे 57 आमदार, उद्धव ठाकरे यांचे 20. ठाकरे म्हणतात, कामरा काही चूक बोलले नाहीत. अजित पवार सबुरीचा सूर लावतात. कामरा काही तासांत त्यांनाही यात ओढणार आहेत.

माफीची मागणी होताना सात महिन्यांपूर्वीची आमच्या जिल्ह्यातली एक सभा आठवते. 30 ऑगस्ट 2024, वाढवण बंदराची पायाभरणी, 76,000 कोटींचा प्रकल्प, कार्यक्रम पालघरला. मालवणला राजकोट किल्ल्यावरचा शिवरायांचा पुतळा चार दिवसांपूर्वी कोसळलेला. पंतप्रधानांनी भाषणात मान झुकवून माफी मागितली. तेव्हा मुख्यमंत्री शिंदेच होते. माफी मागितली म्हणून पंतप्रधान लहान झाले, असं त्या दिवशी त्यांच्या पक्षातला कुणी म्हणाला नाही. पण तिथे काहीतरी खरोखर कोसळलं होतं.

सोमवार, दुपार

महापालिकेच्या एच पश्चिम विभागाची माणसं हातोडे घेऊन हॅबिटॅटला पोचतात. अनधिकृत बांधकाम हटवायचं आहे. ते आदल्या आठवड्यातही तिथे होतं, ‘लेटेंट’च्या गदारोळातही होतं. सर्वोच्च न्यायालयाने 13 नोव्हेंबर 2024 रोजी पाडकामाआधी 15 दिवसांची नोटीस सक्तीची केली. सार्वजनिक जागेवरची अतिक्रमणं त्यातून वगळली. हॅबिटॅट त्या अपवादात बसतं का, याचा काथ्याकूट वकील करोत. रात्री कार्यकर्ते येतात आणि दुसऱ्या दिवशी महापालिका येते, यातला योगायोग खारच्या कुठल्याही पानवाल्याला समजतो.

हातोडे चालतात ती तारीख 24 मार्च. 66अ रद्द झाल्याला त्या दिवशी बरोबर 10 वर्षं झाली. 

त्याच सुमारास

कनाल आणि इतर 11 जणांना अटक झालेली असते. त्याच दिवशी त्यांना जामीन मिळतो.

हॅबिटॅटचं निवेदन येतं. कलाकाराच्या बोलण्याशी आमचा संबंध नाही, ज्यांचं मन दुखावलं त्यांची माफी मागतो. त्यानंतर दुसरं: आम्ही हादरलो आहोत, कोलमडलो आहोत, स्वतःला आणि मालमत्तेला धोक्यात न घालता व्यासपीठ कसं द्यायचं ते कळेपर्यंत जागा बंद. म्हणजे या प्रकरणातली पहिली माफी अशा लोकांनी मागितली ज्यांनी काही म्हटलंच नव्हतं.

सोमवार, संध्याकाळ ते रात्र

उपमुख्यमंत्री शिंदे पहिल्यांदा सविस्तर बोलतात. विनोदाला मर्यादा हवी, हे सुपारी घेऊन बोलल्यासारखं आहे, तोडफोडीचं मी समर्थन करत नाही. पण क्रियेला प्रतिक्रिया होते. यातली पहिली तीन वाक्यं कुणीही विसरून जाईल. खाली कार्यकर्त्यांपर्यंत पोचतं ते चौथं.

रात्री कामरांचं निवेदन: माफी मागणार नाही, पलंगाखाली लपणार नाही. आपण जे बोललो ते अजित पवारच शिंदे यांच्याबद्दल बोलले होते. जागेवर हल्ला करणं म्हणजे बटर चिकन आवडलं नाही म्हणून टोमॅटोचा ट्रक उलटवणं. पुढचा कार्यक्रम एल्फिन्स्टन पुलावर करतो, असंही. किंवा मुंबईत लवकर पाडायची गरज असलेल्या दुसऱ्या कुठल्या वास्तूत. निवेदन धीट आहे आणि जागेची बाजूही घेतं. पण ते लिहिणारा तमिळनाडूत आहे आणि मोडक्या खुर्च्या खारला आहेत.

मंगळवार, 25 मार्च, सकाळी 11

खार पोलिसांचं पहिलं समन्स या वेळेचं. कामरा येत नाहीत, सात दिवस मागतात, मिळत नाहीत. 28 तारखेला मद्रास उच्च न्यायालय त्यांना 7 एप्रिलपर्यंत अंतरिम अटकपूर्व जामीन देतं. 31 तारखेला पोलीस माहीमच्या घरी जातात. ज्या पत्त्यावर आपण दहा वर्षं राहत नाही तिथे जाऊन वेळ घालवू नका, असं कामरा लिहितात.

मग पोलीस प्रेक्षकांकडे वळतात. फेब्रुवारीत त्या खोलीत बसलेल्यांना साक्षीसाठी बोलावणं जातं. एक बँक कर्मचारी दक्षिणेत सहलीला गेलेला असतो, तो सहल अर्धी टाकून परततो. तेव्हा कामरा जाहीर माफी मागतात, त्या प्रेक्षकाची: माझ्या कार्यक्रमाला आल्यामुळे तुम्हाला त्रास झाला, मला ईमेल करा, भारतात कुठेही तुमच्या पुढच्या सुट्टीची सोय मी करतो.

शुक्रवार, 25 एप्रिल

मुंबई उच्च न्यायालय कामरांची याचिका दाखल करून घेतं. ती निकाली निघेपर्यंत अटक नाही. चौकशी करायची असेल तर आधी कळवून, चेन्नईला जाऊन करावी. या वेळेपर्यंत मूळ विनोदाला 11 आठवडे होऊन गेले आहेत, आणि ज्यांनी तो समोर बसून ऐकला त्यांच्यापैकी कुणीही तक्रारदार नाही.