चक्रीवादळाचे पाणी आणि तलावांचे रायपूर : गोल बाजारासाठी पूर्वतयारी

बंगालच्या उपसागराचा किनारा रायपूरपासून सरळ रेषेत सुमारे ४०० किलोमीटर दूर आहे. त्यामुळे चक्रीवादळाचा इशारा ही परमुलखातली बातमी, असे येथे वाटणे साहजिक आहे. मात्र हा समज अर्धाच खरा. जमिनीवर आल्यावर वादळाला समुद्रातून मिळणारे बाष्प तुटते व वारा मंदावतो. सोबत आणलेला पाऊस मात्र वाटेत कोसळतोच.

२६ सप्टेंबर २०२१ रोजी ‘गुलाब’ चक्रीवादळ आंध्र प्रदेशातील कलिंगपट्टणमजवळ धडकले. त्याचे अवशेष दक्षिण छत्तीसगड व तेलंगणामार्गे मराठवाड्यात पोहोचले आणि मांजरेला पूर आला. पुढे तेच अवशेष अरबी समुद्रात उतरून ‘शाहीन’ नावाने पुन्हा वादळ झाले. २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये विशाखापट्टणमला धडकलेले ‘हुदहुद’ही छत्तीसगडमार्गेच उत्तरेकडे सरकले होते.

वाऱ्याचा वेग ताशी ६२ किलोमीटरखाली आला की ‘चक्रीवादळ’ हा शब्द हवामान विभागाच्या पत्रकातून जातो आणि तेथे ‘डीप डिप्रेशन’ (अतितीव्र कमी दाबाचे क्षेत्र) येते. रायपूरने सावध व्हायचे ते नेमके तेव्हा. २४ तासांत ११५.६ मिलिमीटरपासून अतिजोरदार, तर २०४.५ पासून अत्यंत जोरदार पाऊस मानला जातो.

बूढा तालाब, तेलीबांधा, महाराजबंध हे तलाव पावसाचे पाणी साठवून शहराचा भार हलका करतात. (रजबंधा हे आता मैदान आहे, तेथे साठणारे पाणी साहजिकच अन्यत्र वाट शोधते.) अडचण ऋतूची आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या वादळांवेळी तलाव मोसमी पावसाने आधीच भरत आलेले असतात. म्हणून सांडव्याची वाट व नाले पावसाळ्यापूर्वी एकदा साफ करून भागत नाही. पावसाळ्याच्या अखेरीस पुन्हा पाहावे लागतात.

गोल बाजारातील दुकानदारांनी इशारा मिळताच कापड, किराणा व मसाल्याचा माल जमिनीवरून फळ्यांवर हलवावा, हिशेबाच्या वह्या वरच्या मजल्यावर न्याव्यात आणि दुकानासमोरील गटाराच्या जाळीत अडकलेले प्लॅस्टिक काढावे. पाणी उंबऱ्याशी येण्यापूर्वीच मुख्य वीजकळ बंद करावी. ओल्या हाताने ती हाताळू नये. साचलेल्या पाण्यात उघडे नाले दिसत नाहीत, त्यामुळे अरुंद गल्ल्यांतून चालणे टाळावे. विजांच्या सूचनेसाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ अॅप उपयोगी आहे. आपत्कालीन मदतीसाठी ११२ क्रमांक आहे. पाणी ओसरल्यावर वायरिंग तपासल्याशिवाय वीज सुरू करू नये आणि काही दिवस पाणी उकळूनच प्यावे.