झाडीपट्टीचा प्रेक्षक आणि पडद्यावरचे नाटक

मुर्री हे गोंदिया शहराला लागून असलेले गाव. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळ्या झालेल्या गोंदिया जिल्ह्यात ते येते आणि मध्य प्रदेश व छत्तीसगड या दोन्ही राज्यांच्या सीमा तेथून फार दूर नाहीत. मराठी, झाडीबोली, पोवारी आणि हिंदी अशा चार भाषा कानी पडणारा हा टापू झाडीपट्टीच्या उत्तर टोकाला आहे. गोंदिया, भंडारा व गडचिरोली हे जिल्हे आणि चंद्रपूरचा पूर्व भाग मिळून जो जंगलाचा आणि धानाचा प्रदेश होतो, त्याला झाडीपट्टी म्हणतात. आंतरजालावरून प्रेक्षकाला सहभागी करून घेणाऱ्या नाटकाचा इतिहास सांगताना लंडन, न्यूयॉर्क किंवा फार तर मुंबईची नावे घेतली जातात. परंतु प्रयोग चालू असताना तो वळवण्याचा प्रेक्षकाचा अधिकार किती जुना आहे आणि तो कशावर उभा असतो, हे पाहायचे तर झाडीपट्टीइतके बोलके उदाहरण सापडणे कठीण.

या पट्ट्यातील जुने प्रयोगप्रकार म्हणजे दंडार आणि खडी गंमत. दंडार हे दिवाळीच्या सुमारास होणारे गीत-नृत्य-नाट्य असून त्यातील स्त्रीभूमिका परंपरेने पुरुषच करीत आले. खडी गंमत ही शाहीर, ढोलकीवाला, टाळकरी आणि स्त्रीवेषातील नाच्या यांनी उभ्याने सादर करावयाची, तमाशाशी नाते सांगणारी करमणूक होय. दोहोंचाही हंगाम मंडईशी जोडलेला असतो. भाऊबीजेनंतर गावोगावी भरणाऱ्या जत्रेला येथे मंडई म्हणतात. त्या निमित्ताने सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, सोयरेधायरे जमतात, उपवर मुलामुलींच्या सोयरिकीही याच दिवसांत पाहिल्या जातात. प्रेक्षक असा पाहुणा म्हणून आलेला असल्यामुळे त्याचे वागणे तिकीट काढून खुर्चीत बसलेल्या शहरी माणसाच्या वागण्याहून वेगळे पडते. गाणे आवडले की तो नोट पुढे करतो, बक्षीस देणाऱ्याचे नाव, गाव आणि रक्कम सर्वांसमक्ष पुकारली जाते, शाहीर त्या नावाला चालीत गुंफतो आणि कडवे पुन्हा घेतले जाते. रक्कम बहुधा लहानच असते. परंतु ती कोणी दिली हे सगळ्या गावाने ऐकलेले असते, आणि त्या पुकाऱ्याची चढाओढ लागली की प्रयोगाची लांबी, क्रम आणि रंग हे तिन्ही बदलतात.

दंडारीच्या पायावर पुढे जी बंदिस्त नाटकांची रंगभूमी उभी राहिली, तिचे केंद्र गडचिरोली जिल्ह्यातील वडसा, म्हणजेच देसाईगंज, हे झाले. विसाव्या शतकाच्या आरंभी गोंदियाहून नागभीडमार्गे चांद्याकडे गेलेला, त्या काळी अरुंद मापाचा असलेला, लोहमार्ग वडशावरूनच जातो. नाट्यमंडळांची कार्यालये वडशात, तारीख ठरवायला येणारी मंडळे गावोगावची, आणि हंगाम दिवाळीपासून होळीच्या आसपासपर्यंत, अशी ही व्यवस्था आहे. दिवसा शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, आणि रात्री दहाच्या सुमारास सुरू होऊन पहाटेपर्यंत चालणारे नाटक, ही जोडी इतकी घट्ट बसलेली होती की ७ मे २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बैलांच्या शर्यती थांबल्या, तेव्हा त्याची झळ नाटकांनाही पोहोचली. या रंगभूमीवरचे नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, त्या वेळी पाच हजारांवर प्रयोग आणि सुमारे ८०० भूमिका ही त्यांच्या नावावरची संख्या अनेकांना अविश्वसनीय वाटली. पण रात्रीमागून रात्र नवे गाव आणि बऱ्याचदा नवे नाटक, असा हंगाम वर्षानुवर्षे करणाऱ्या नटाच्या बाबतीत तिचा हिशेब लागतो.

प्रयोग एका ठिकाणी आणि प्रेक्षक दुसऱ्या ठिकाणी, ही कल्पना विजेच्या तारेइतकी जुनी आहे. १८८१ च्या पॅरिसमधील विद्युत प्रदर्शनात क्लेमाँ आदेर याने ऑपेराच्या रंगमंचावरील गाणे दूरध्वनीच्या तारांवरून दुसऱ्या इमारतीतील श्रोत्यांच्या कानाशी नेले. नागपूरचे आकाशवाणी केंद्र १६ जुलै १९४८ रोजी सुरू झाले आणि नभोनाट्य विदर्भाच्या घरांत शिरले. मात्र या दोन्ही साधनांत ऐकणाऱ्याला बोलण्याची सोय नव्हती. ती सोय मराठी मुलखात जाणीवपूर्वक करून पाहिली गेली ती १९५६ साली. युनेस्कोच्या साहाय्याने पुणे केंद्राने मराठी भाषक पाच जिल्ह्यांतील सुमारे १५० गावांत श्रोतृमंडळे बसवली. संवाद, नाट्यप्रसंग आणि माहिती यांचे अर्ध्या तासाचे कार्यक्रम आठवड्यातून दोनदा ऐकायचे, ऐकून झाल्यावर चर्चा करायची आणि शंका केंद्राकडे पाठवायच्या, म्हणजे पुढील कार्यक्रमांत त्यांची उत्तरे मिळत, असा तो क्रम होता. भंडारा जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात असल्याने हा प्रयोग मुर्रीच्या वाट्याला आला नाही. तरीही तो येथे महत्त्वाचा आहे, कारण त्यात यंत्र एकमार्गी असूनही सहभाग दुमार्गी झाला, आणि तो घडवणारी गोष्ट गावात एकत्र बसलेली माणसे ही होती.

आंतरजालाने ही एकत्र बसण्याची अट काढून टाकली. १२ डिसेंबर १९९३ रोजी स्टुअर्ट हॅरिस आणि त्याच्या मंडळीने ‘हॅम्लेट’चे सुमारे ८० ओळींचे विडंबन टंकलिखित गप्पांच्या एका संगणकीय दालनात सादर केले, पात्रे वेगवेगळ्या ठिकाणांहून आपापली वाक्ये टंकित करीत आणि बघ्यांनाही मध्ये तोंड घालता येई. रॉयल शेक्सपिअर कंपनीच्या मार्च २०२१ मधील ‘ड्रीम’ या प्रयोगात नटांच्या हालचाली संवेदकांनी टिपून त्या संगणकाने रचलेल्या अरण्यातील आकृतींना दिल्या जात आणि घरी बसलेला प्रेक्षक पडद्यावर काजवे सोडून पक या पात्राला वाट दाखवू शके. मराठीत त्याआधी, जुलै २०२० मध्ये, टाळेबंदीने नाट्यगृहे बंद असताना हृषीकेश जोशी यांनी ‘मोगरा’ हे नाटक आंतरजालावर आणले. त्याला ‘नेटक’ असे नाव मिळाले. पाच अभिनेत्री आपापल्या घरातून, एकाच वेळी, आधी चित्रित न केलेला प्रयोग करीत आणि प्रेक्षक तिकीट घेऊन तो पाहत. नटाला हशा ऐकू येत नाही आणि प्रेक्षकाला शेजारी नसतो, ही या प्रकाराची उघड उणीव असली, तरी कॅमेऱ्यासमोर सलग अभिनय करण्याची शिस्त आणि दूरदेशीच्या मराठी कुटुंबांना लाभलेला प्रवेश या दोन्ही गोष्टी क्षुल्लक नाहीत.

काजवा सोडणारा प्रेक्षक आणि नोट पुढे करणारा प्रेक्षक यांची तुलना केली तर फरक नावाचा आहे. काजवा कोणाचा होता हे कोणालाच कळत नाही. बक्षीस देणाऱ्याचे मात्र गावासकट नाव पुकारले जाते, आणि दुसऱ्या दिवशी पारावर त्यावर बोलणेही होते. टाळेबंदीने २०२०-२१ चा हंगाम मोठ्या प्रमाणात बुडवला, तेव्हा झाडीपट्टीचे नाटक ‘नेटका’च्या वाटेने सहज जाऊ शकले नाही, याचे कारण केवळ अपुरे नेटवर्क किंवा कलावंतांचे अज्ञान यांत शोधणे अन्यायाचे ठरेल. ५ नोव्हेंबर २०२० पासून निम्म्या आसनक्षमतेने नाट्यगृहे उघडण्यास राज्यात परवानगी मिळाली, पण आसनांची मोजदादच नसलेल्या, शेतात मंडप घालून होणाऱ्या प्रयोगाला तो नियम कसा लावायचा हा प्रश्नच होता. त्याहून मोठी अडचण पैशाची. येथे कंपनीला ठरावीक रक्कम देणारा पक्ष म्हणजे गावचे मंडळ. ते ती रक्कम तिकीटविक्रीतून उभी करते, तिकिटे खपतात ती घरोघर पाहुणे आलेले असतात म्हणून, आणि पाहुणे येतात ते मंडईला किंवा पटाला. पाहुण्यांचे येणेच थांबले, तेव्हा मोबाइलच्या पडद्यावर दाखवण्यासारखे नाटक शिल्लक असूनही ते विकत घेणारे गाव जागेवर राहिले नव्हते.

मोबाइलने झाडीपट्टीत वेगळ्याच बाजूने प्रवेश केला. २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला आणि नाटकांतील लावण्या, विनोदी प्रवेश, कधी कधी सबंध अंक यूट्यूबवर येऊ लागले. मुर्रीसारख्या शहरालगतच्या गावातून कामासाठी नागपूर किंवा रायपूरला गेलेला माणूस ते तेथे बसून पाहू शकतो आणि खाली शेरा लिहून दादही देऊ शकतो. ही दाद नटापर्यंत पोहोचते, पण त्या रात्रीच्या प्रयोगात काही बदल करण्याइतकी ती वेळेवर आलेली नसते. तिचा उपयोग कंपनीला होतो तो पुढच्या मोसमासाठी, कारण अशा चित्रफिती जाहिरातीचे काम करतात. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातील बैलांच्या शर्यतींना अटींसह परवानगी दिली आणि पटाच्या धावपट्ट्या पुन्हा आखल्या जाऊ लागल्या. चित्रफितींत पाहिलेल्या नटनट्यांची नावे घेऊन तारीख ठरवायला मंडळांना वडशाला जाण्याचे निमित्त या परवानगीमुळे परत मिळाले.