अनुचित कामगार प्रथा (यवतमाळ जिल्हा)

अनुचित कामगार प्रथा : नोकरी देणाऱ्याने आपला अधिकार आकसाने, सूडबुद्धीने किंवा पक्षपाताने वापरणे, याला महाराष्ट्राच्या कायद्यात दिलेले नाव. कामगार संघटनेच्या दांडगाईलाही हेच नाव लागू होते. बोलण्यात मात्र ते क्वचितच येते. एसटीच्या आगारात ‘साहेबानं खुन्नस काढली’ म्हणतात, शाळेच्या स्टाफरूममध्ये ‘संस्थाचालकाचा त्रास’ म्हणतात आणि वकिलाकडे गेल्यावर त्याचीच ‘यूएलपी’ (अनफेअर लेबर प्रॅक्टिस) होते. प्रस्तुत नोंद यवतमाळ जिल्ह्यातील नोकरदार व कामगारांना या कायद्याचा उपयोग कुठे होतो आणि कुठे होत नाही, एवढ्यापुरती आहे.

लैंगिक छळ सोडला तर कामाच्या ठिकाणी वरिष्ठांकडून होणाऱ्या जाचाविरुद्ध भारतात स्वतंत्र कायदा नाही. चारचौघांत पाणउतारा करणे, रजा अडवून ठेवणे, हजर असूनही काम न देता बसवून ठेवणे, नको ती पाळी मुद्दाम लावणे, यांतल्या एकेका गोष्टीवर न्यायालयात फारसे काही उभे राहत नाही. जाचाचा कागद झाला, म्हणजे मेमो, आरोपपत्र, बदलीचा हुकूम, निलंबन किंवा बडतर्फी हातात पडली, की कायदा जागा होतो. अनुभवी व्यवस्थापन म्हणूनच कागद लवकर काढत नाही. माणूस कंटाळून स्वतःच राजीनामा देईल याची वाट पाहते.

मूळ कायदा ‘महाराष्ट्र कामगार संघांना मान्यता देण्याबाबत व अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध करण्याबाबत अधिनियम, १९७१’ हा होय. १४ फेब्रुवारी १९६८ च्या शासननिर्णयाने राज्य सरकारने अनुचित कामगार प्रथांचा विचार करण्यासाठी एक समिती नेमली. तिच्या अहवालानंतर हा अधिनियम झाला आणि १९७२ चा महाराष्ट्र अधिनियम क्रमांक १ म्हणून नोंदला गेला. तेव्हा मुख्यमंत्रिपदी वसंतराव नाईक होते, म्हणजे पुसद तालुक्यातील गहुलीचे. कायदा प्रत्यक्ष अमलात यायला ८ सप्टेंबर १९७५ उजाडला. तोपर्यंत नाईकांचे मुख्यमंत्रिपद जाऊन सहा महिने उलटले होते. त्याआधी वऱ्हाडातील कारखान्यांना १९४७ चा मध्य प्रांत व वऱ्हाड औद्योगिक विवाद कायदा लागू होता, कारण १९५६ पर्यंत यवतमाळचा कारभार नागपूरहून चालत असे. गिरणगावासाठी झालेले मुंबईचे कायदे आणि विदर्भाचे कायदे हे दोन वेगळे प्रवाह होते, ही गोष्ट कामगार चळवळीच्या मुंबईकेंद्री इतिहासात सहसा हरवते.

अधिनियमाच्या दुसऱ्या अनुसूचीत संघटना मोडून काढण्याचे मालकांचे प्रकार आहेत, तिसरीत कामगार संघटनांचे अनुचित वर्तन आहे आणि चौथीत मालकांच्या सर्वसाधारण अनुचित प्रथा. एकट्या पडलेल्या माणसाच्या कामाची ती ही चौथी. तिची पहिली बाब बडतर्फीची आहे : सूड म्हणून काढणे, खोट्या फौजदारी प्रकरणात गुंतवून काढणे, गैरहजेरीचे बनावट कारण दाखवून काढणे, चौकशीत नैसर्गिक न्यायाची तत्त्वे धाब्यावर बसवून वा अवाजवी घाईने काढणे आणि किरकोळ चुकीसाठी धक्कादायक वाटावी इतकी जबर शिक्षा देणे. पुढच्या बाबींत धोरणाच्या नावाखाली आकसाने केलेली बदली, गुणवत्ता न पाहता काहींना झुकते माप, वर्षानुवर्षे ‘बदली’ वा हंगामी म्हणून राबवून कायमपणाचे हक्क नाकारणे, मालकाविरुद्ध साक्ष दिली म्हणून डूख धरणे आणि करार वा निवाडा न पाळणे, हे सारे येते. कायद्याच्या मसुद्यात एवढी माणसाची पारख क्वचित दिसते. ही यादी लिहिणाऱ्यांनी आगारे आणि गिरण्या जवळून पाहिलेल्या असणार.

यांपैकी बदली हे यवतमाळसारख्या लांबरुंद जिल्ह्यात सर्वांत सोयीचे हत्यार आहे. उमरखेड पैनगंगेच्या काठच्या टोकाला, वणी पूर्वेच्या टोकाला. रस्त्याने अंतर दोनशे किलोमीटरच्या आसपास. उमरखेडच्या वाहकाला वणी दिली तर जिल्हा तोच, विभाग तोच, पगारही तोच. कागदावर शिक्षा कुठेच नसते. घर मात्र दुभंगते. ‘प्रशासकीय कारणास्तव’ हे दोन शब्द हुकुमात असले की पुरे. बदली हा नोकरीचा भाग आहे, असे न्यायालये मानतात, त्यामुळे नुसती गैरसोय सांगून भागत नाही. आकस दाखवावा लागतो. तो तारखांतून दिसतो. कोणत्या दिवशी तक्रार दिली, कोणत्या दिवशी युनियनच्या सभेत बोलला, त्यानंतर किती दिवसांनी हुकूम निघाला, त्याच्याहून जुने किती जण जागेवरच राहिले, हे मांडता आले तर कलम ३० (२) खाली औद्योगिक न्यायालय अंतरिम स्थगिती देऊ शकते.

तक्रारीची मुदत घटना घडल्यापासून ९० दिवसांची आहे. सबळ कारण दाखवले तर न्यायालय उशीर माफ करू शकते, पण त्यावर विसंबू नये. बडतर्फीची, म्हणजे चौथ्या अनुसूचीतील पहिल्या बाबीची, तक्रार कामगार न्यायालयात जाते; असे न्यायालय यवतमाळ येथे आहे. बाकीच्या बाबी औद्योगिक न्यायालयाच्या अखत्यारीतल्या. निकालाविरुद्ध सरळ अपील नाही. कामगार न्यायालयाच्या आदेशाची फेरतपासणी औद्योगिक न्यायालय करते आणि त्यापुढे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात रिट. न्यायालयाचा आदेश धुडकावणाऱ्याला कलम ४८ प्रमाणे तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. १९७१ मध्ये पाच हजारांना वजन होते. आज मोठ्या कंपनीला तो वकिलाच्या एका तारखेचा खर्च आहे.

बडतर्फी होईपर्यंत थांबण्याची गरज नाही, हे फार कमी जणांना ठाऊक असते. हिंदुस्थान लिव्हर प्रकरणात (१९९५) सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की आरोपपत्र देऊन खोटी चौकशी सुरू झाली असेल तर काढण्याचा हुकूम निघण्यापूर्वीही कामगाराला तक्रार करता येते. कलर-केम प्रकरण (१९९८) रात्रपाळीत यंत्र चालू असताना झोपलेल्या कामगारांचे. चूक झाली होती, यात वाद नव्हता. तरी सरळ बडतर्फी ही धक्कादायक शिक्षा ठरली आणि अशी शिक्षा म्हणजेच कायद्याच्या अर्थाने सूड, असे न्यायालय म्हणाले.

खातेनिहाय चौकशी ही प्रत्यक्षात कशी चालते, ते समजून घेतल्याशिवाय या कायद्याचा उपयोग होत नाही. आरोपपत्र येते, त्याचा खुलासा मुदतीत द्यायचा असतो. खुलासा समाधानकारक वाटला नाही (तो बहुधा वाटत नाही) की चौकशी अधिकारी नेमला जातो. बरेचदा त्याच कार्यालयातला, त्याच साहेबाच्या हाताखालचा. साक्षी होतात, त्यांची दररोजची नोंद रोजनाम्यात होते आणि खाली सर्वांच्या सह्या. भांबावलेला कामगार इथेच फसतो : न वाचता सही करतो. मागितलेली कागदपत्रे दिली नाहीत, साक्षीदाराला प्रश्न विचारू दिले नाहीत, सहकाऱ्याला बचाव प्रतिनिधी म्हणून घेऊ दिले नाही, हे त्याच रोजनाम्यावर सहीच्या वर स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवले तर पुढे न्यायालयात तेच बोलते. लिहू दिले नाही तर त्याच दिवशी वेगळे पत्र द्यावे आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का मारून पोच घ्यावी. पोच नाकारली तर स्पीड पोस्टाने पाठवावे. निलंबनाच्या काळात पहिले ९० दिवस निम्मे वेतन आणि चौकशी कामगारामुळे लांबली नसेल तर त्यापुढे ७५ टक्के निर्वाह भत्ता मिळतो. तो रोखला गेला, तर चौकशीच्या न्याय्यतेवर आक्षेप घ्यायला तेवढेही कारण पुरते.

‘बदली’ कामगारांच्या बाबतीत २००९ चा निकाल महत्त्वाचा आहे आणि तो एसटीचाच आहे. बसगाड्यांच्या साफसफाईचे काम वर्षानुवर्षे हंगामी म्हणून करणाऱ्यांच्या वतीने कास्ट्राईब राज्य परिवहन कर्मचारी संघटना लढली. त्याआधी २००६ च्या उमादेवी निकालाने सरकारी क्षेत्रातील हंगामींना कायम करण्याची दारे जवळपास बंद केली होती. सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की अनुचित प्रथा सिद्ध झाली तर १९७१ च्या अधिनियमाखालील न्यायालयांचे अधिकार उमादेवीने कमी होत नाहीत. जिल्ह्यातील आगारांत झाडूवाल्यापासून कायम झालेल्या माणसाचा मार्ग कायद्याच्या भाषेत असा आहे.

मर्यादा मात्र मोठ्या आहेत. कायद्याचा आधार फक्त ‘कामगारा’ला आहे; व्यवस्थापकाला किंवा ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त पगार घेणाऱ्या पर्यवेक्षकाला नाही. ठेकेदाराकडचा कामगार तर जवळपास बाहेरच. कल्याणी स्टील्स आणि सिप्ला (दोन्ही २००१) या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, की मालक-नोकर हे नातेच वादग्रस्त असेल तर आधी ते औद्योगिक न्यायाधिकरणापुढे सिद्ध करावे, मग अनुचित प्रथेची तक्रार. त्यामुळे लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत वा मुकुटबनच्या सिमेंट उद्योगात ठेकेदारामार्फत काम करणाऱ्याला ‘तुझा मालक कोण?’ या प्रश्नापासून सुरुवात करावी लागते. वणी तालुक्यातील कोळसा खाणींची गत आणखी वेगळी. वेस्टर्न कोलफील्ड्सच्या खाणकामगाराच्या वादासाठी योग्य सरकार केंद्राचे. त्याला राज्याचा १९७१ चा अधिनियम लागू नाही. त्याचा मार्ग केंद्रीय कामगार आयुक्तांच्या यंत्रणेतून नागपूरच्या केंद्रीय औद्योगिक न्यायाधिकरणाकडे जातो. म्हणजे वणीच्या आगारातला मेकॅनिक आणि त्याच गावात राहणारा खाणीतला फिटर यांना सारखाच मेमो मिळाला तरी दरवाजे निराळे.

जिनिंग-प्रेसिंगच्या कारखान्यांत, जिथे कापसाच्या हंगामापुरते हमाल आणि रेजा काम करतात, तिथे हा कायदा असून नसल्यासारखा आहे. हजेरीपत्रकावर नाव नाही, मजुरी मुकादमाच्या हातून, आणि मार्च उलटला की कामच संपते. तक्रार करायची कोणाविरुद्ध? अशा ठिकाणी थकलेल्या मजुरीची लेखी तक्रार घेऊन सरकारी कामगार अधिकाऱ्याकडे जाणे, हाच त्यातल्या त्यात उपयोगी उपाय.

खासगी शाळांचे कर्मचारी १९७७ च्या सेवाशर्ती अधिनियमाखाली येतात आणि जिल्ह्यात संस्थाचालकांचा वरचष्मा पाहता तो कायदा गावोगाव माहीत असायला हवा. बडतर्फी, पदावनती किंवा बढती डावलणे यांविरुद्ध अमरावतीच्या शाळा न्यायाधिकरणाकडे ३० दिवसांत अपील करता येते. चौकशी समितीत संस्थेचा एक, शिक्षकाने सुचवलेला एक आणि राज्य पुरस्कारप्राप्त शिक्षकांपैकी एक, अशी रचना नियमांत आहे. राजीनाम्याबद्दलचे कलम ७ विशेष वाचण्यासारखे : राजीनामा दोन प्रतींत लिहून, दोन्हींवर सही व तारीख घालून एक प्रत रजिस्टर पोस्टाने पाठवायची, दुसरी स्वतःकडे ठेवायची. नेमणुकीच्याच दिवशी कोऱ्या कागदावर सही घेऊन ठेवणाऱ्या व्यवस्थापनाला चाप बसावा म्हणून ही तरतूद. टेबलावर घेतलेला राजीनामा या कसोटीवर टिकत नाही.

राज्य सरकारी कर्मचाऱ्याला महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाचे नागपूर खंडपीठ आहे आणि मुदतपूर्व बदलीविरुद्ध २००५ चा बदल्यांचा अधिनियम. जिल्हा परिषदेचा कर्मचारी तिकडे जात नाही. शिस्तभंगाच्या शिक्षेविरुद्ध त्याचे अपील १९६४ च्या नियमांप्रमाणे चालते. गोपनीय अहवालात शेरा खराब करून सूड उगवण्याच्या पद्धतीवर २००८ च्या देव दत्त निकालाने लगाम घातला : प्रत्येक शेरा कर्मचाऱ्याला कळवलाच पाहिजे.

जाचात लैंगिक छळ असेल तर २०१३ चा कायदा लागू होतो. दहा किंवा अधिक माणसे असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती, त्याहून लहान ठिकाणी जिल्ह्याची स्थानिक समिती आणि तक्रारीची मुदत तीन महिने. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाचा जातीवरून चारचौघांत केलेला अपमान १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक अधिनियमाखाली फौजदारी गुन्हा आहे. कोलाम, गोंड, आंध कामगारांची संख्या लक्षात घेता झरी-जामणी, मारेगाव, केळापूर भागात याला विशेष अर्थ आहे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राची औद्योगिक संबंध संहिता, २०२० अमलात आली आणि १९४७ चा औद्योगिक विवाद अधिनियम, १९४६ चा स्थायी आदेश अधिनियम व १९२६ चा कामगार संघ अधिनियम रद्द झाले. रद्द झालेल्यांत महाराष्ट्राचा १९७१ चा अधिनियम नाही. मात्र त्यातील ‘कामगारा’ची व्याख्या १९४७ च्या अधिनियमावर टेकलेली होती. म्हणून नवी तक्रार कोणत्या कायद्याखाली टाकायची, हा प्रश्न वकिलाला आधी विचारावा. संहितेने वीस किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनेत तक्रार निवारण समिती सक्तीची केली आहे. तिच्याकडे कारण घडल्यापासून एका वर्षात जाता येते आणि समितीने ३० दिवसांत काम संपवायचे असते. बडतर्फीचा वाद न्यायाधिकरणाकडे नेण्याची मुदत आता दोन वर्षांची आहे. पूर्वी ती तीन वर्षांची होती.