सुपारी व्यापारातील कागदपत्रे (दिवेआगर)

रायगड जिल्ह्याच्या श्रीवर्धन तालुक्यातील दिवेआगर येथून जाणाऱ्या सुपारीच्या मालासोबत सांभाळावी लागणारी कागदपत्रे. ‘श्रीवर्धन रोठा’ ही सुपारी या पट्ट्यातील वाड्यांचे मुख्य नगदी पीक आहे. लेखी व्यवहार गावाला नवा नाही, शके 982 (इ.स. 1060) चा दिवेआगर ताम्रपट मराठीतील आरंभीच्या लेखांत गणला जातो.

आजच्या कागदांची सुरुवात सातबाऱ्यापासून होते. त्यावरील पीकनोंद हा माल स्वतःच्या वाडीचा असल्याचा सर्वांत सोपा पुरावा. स्वतः पिकवलेला माल विकणाऱ्या बागायतदाराला वस्तू व सेवा कराची नोंदणी लागत नाही. खरेदीदार व्यापाऱ्याला मात्र वाळलेल्या सुपारीवर 5 टक्के कर धरून बीजक करावे लागते. 50,000 रुपयांवरील माल परराज्यात नेताना ई-वे बिल लागते. त्यातील वजन, वाहन क्रमांक आणि बीजकाचा आकडा जुळलाच पाहिजे, नाहीतर गाडी वाटेत अडते. अन्नपदार्थ म्हणून 2006 च्या अन्नसुरक्षा कायद्याचा परवाना किंवा नोंदणी आवश्यक आहे. निर्यातीसाठी आयातदार देश मागेल तेव्हा वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र जोडतात.

असोली आणि सोललेली सुपारी यांच्या नोंदी वेगळ्या ठेवाव्यात. सोलल्यावर वजन घटते आणि हिशेबाचा घोळ बहुधा इथेच होतो.

3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात येथील वाड्या आडव्या झाल्या, तेव्हा भरपाईसाठी पंचनाम्याबरोबर सातबाराच कामी आला. कागद जपणे कायद्यानेही बंधनकारक आहे: कराचे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून 72 महिने जपून ठेवावे लागतात.