सोय कोणाची? नगर जिल्ह्यातील लहान गावांचा एक विचार

‘गावात काय काय सोयी आहेत?’ असे कोणी विचारले की उत्तरादाखल आपण एक यादी सांगतो : शाळा, दवाखाना, टपाल, एस.टी., नळ, वीज. जनगणनेच्या पुस्तिकांनीही गावाची ओळख अशाच यादीत बसवली आहे. परंतु अमुक सोय गावात होती म्हणजे ती नेमकी कोणाला होती आणि तिच्या मोबदल्यात कोण काय देत होते, हे यादी सांगत नाही. अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्यातील लहान गावांचा इतिहास वाचताना आम्हांला हाच प्रश्न मुख्य वाटतो.

सरकारी सोयी येण्यापूर्वी गावाची सोय म्हणजे अलुते-बलुते. सुतार औते भरून देई, लोहार फाळाला धार लावी, चांभार मोट सांधी, कुंभार मडकी पुरवी. सुगी झाली की प्रत्येक जण आपला वाटा खळ्यावरून धान्याच्या रूपाने घेऊन जाई. रोकड पैशाचे काम फारसे पडत नसे. या व्यवस्थेची बारकाईने तपासणी करणारा मराठीतील मोठा ग्रंथ म्हणजे त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ (१९१५). महसूल खात्यात नोकरी केलेल्या आत्र्यांना गावगाड्याचे भाबडे कौतुक नव्हते. अलुतेदार, बलुतेदार, भिक्षेकरी आणि फिरस्ते यांच्या मागण्यांखाली कुणबी कसा पिचतो, हे त्यांना दाखवायचे होते. त्यांनी गाव पाहिले ते कुणब्याच्या खळ्यावरून.

तेच गाव महारवाड्यातून कसे दिसते, हे कळण्यासाठी मराठी वाचकाला पुढे सहा दशकांहून अधिक काळ थांबावे लागले. याच जिल्ह्यातील अकोले तालुक्यात धामणगाव येथे जन्मलेल्या दया पवारांनी १९७८ मध्ये आपल्या आत्मकथनाला ‘बलुतं’ हे नाव दिले. एकच शब्द, पण ‘गावगाडा’त तो कुणब्यावरील बोजा आहे, तर इथे अपमान सोसून मिळालेली भाकर. सरकारी कामाची वर्दी देणे, मयताचा सांगावा परगावी पोहोचवणे, मेलेली गुरे ओढणे ही महारांची कामे म्हणजे साऱ्या गावाची सोयच होती. मात्र ती पुरवणाऱ्याला गावच्या विहिरीवर घागर बुडवण्याची मुभा नव्हती.

सार्वजनिक विहिरी, पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत, असा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये संमत केला. हा ठराव म्हणजे एका परीने सोयींची यादीच होती. फरक इतकाच की तिच्यात ‘कोणाला’ हा प्रश्न प्रथम आला होता. तो अमलात येणे सोपे नव्हते, हे १९२७ च्या महाडच्या सत्याग्रहाने दाखवून दिले. महार वतनासारखी कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडावे लागले.

‘कोणाला’ हा प्रश्न पुढे शेतीच्या पाण्याच्या रूपाने आला. दया पवारांच्याच अकोले तालुक्यात १९२६ मध्ये भंडारदऱ्याचे धरण पूर्ण झाले. प्रवरेच्या कालव्यांवर ऊस उभा राहिला आणि १९५० च्या सुमारास लोणी येथे सहकारी साखर कारखाना सुरू झाला. दक्षिणेकडील पर्जन्यछायेतल्या गावांना मात्र असे कालवे लाभले नाहीत. १९७२ च्या दुष्काळाने ती पार खचली. नगर तालुक्यातील हिवरे बाजार हे त्यांपैकीच एक. विहिरी आटल्या, तरुण मजुरीसाठी बाहेर पडले, गावात दारू बोकाळली.

१९८९ मध्ये पोपटराव पवार तेथे सरपंच झाले. पुढे आदर्श गाव योजनेत गावाचा समावेश झाला. समतल चर, बांध आणि पाझर तलाव यांची कामे झाली. पण बंधारे इतरत्रही झाले होते. हिवरे बाजारचे वेगळेपण आम्हांला दिसते ते त्याच्या निर्बंधांत. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी यांचा पाठ शेजारच्या पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीने आधी घालून दिला होता. हिवरे बाजारने त्यात भर घातली : शेतीसाठी कूपनलिका घ्यायची नाही, ऊस लावायचा नाही. उसावर श्रीमंत झालेल्या जिल्ह्यात हा निर्णय सोपा नव्हता. दरवर्षी पाऊस मोजायचा, भूजलाचा अंदाज घ्यायचा, माणसांचे आणि जनावरांचे पिण्याचे पाणी आधी बाजूला काढायचे आणि उरलेल्यातून कोणती पिके घ्यायची हे ग्रामसभेत ठरवायचे, असा पाण्याचा ताळेबंद तेथे मांडला जातो.

या निर्बंधांचा भार सर्वांवर सारखा पडत नाही, हेही नोंदवले पाहिजे. चराईबंदीची झळ बागायतदाराआधी चार शेळ्यांवर जगणाऱ्याला बसते. म्हणून गवत कापून नेण्याची मुभा ही बारीकशी तरतूद आम्हांला बंधाऱ्याइतकीच महत्त्वाची वाटते. गावाच्या इतिहासात अशाच तरतुदींवरून न्यायाची परीक्षा होते.

बलुत्याच्या गावात कोणी काय द्यायचे आणि काय घ्यायचे, हे जन्माने ठरलेले होते. ताळेबंद ग्रामसभेत मोजून ठरतो, तो दरवर्षी नव्याने मांडावा लागतो आणि त्यावर कोणालाही हरकत घेता येते. सभेत उठून ती हरकत घेण्याचे बळ प्रत्येकापाशी असेलच असे नाही. पण हरकतीला जागा असणे ही गावगाड्याला ठाऊक नसलेली गोष्ट आहे. विद्यार्थ्यांनी ‘गावगाडा’ आणि ‘बलुतं’ शेजारी ठेवून वाचावे आणि मग आपापल्या गावच्या सोयींची यादी हाती घ्यावी. तिच्यातल्या प्रत्येक नोंदीपुढे ‘कोणाला?’ हा एवढाच शब्द लिहिला, तरी गावाच्या इतिहासाला सुरुवात होईल.