पारा उडालेला आरसा

जुन्या मोटारींच्या जीर्णोद्धाराची चर्चा बहुधा इंजिन, रंग आणि बंपरची झळाळी यांभोवती फिरते. चालकाच्या डोक्याजवळ टांगलेल्या वीतभर आरशाकडे त्या चर्चेत कुणी फारसे वळत नाही. वास्तविक पाहता जीर्णोद्धार या कल्पनेतली सगळी अडचण त्या एका वस्तूत एकवटलेली आहे. ही अडचण साहित्याच्या अभ्यासकांना अपरिचित नाही, म्हणूनच येथे तिचा विचार करावासा वाटतो.

प्रथम एका शब्दाविषयी. आरसा डागाळला की आपण 'पारा उडाला' असे म्हणतो. मोटारीच्या आरशात मात्र पारा कधी नव्हताच. काचेमागे कथील आणि पारा यांचे मिश्रण चढवण्याची रीत युरोपात शतकानुशतके चालली आणि त्या वाफांनी कारागिरांच्या पिढ्या विषबाधेने खंगल्या. १८३५ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग यांना असे आढळले की चांदीच्या क्षाराच्या अमोनियायुक्त द्रावणात अल्डिहाइड मिसळले असता चांदी काचेवर आपोआप धरते. पुढे या शोधातून चांदीचे आरसे बनू लागले आणि पारा मागे पडला. कारखान्यातून पारा गेला तरी मराठीतून गेला नाही. भाषा जुने थर इतक्या सहजी खरवडून टाकत नाही.

मोटारीत आरसा आला तो चोरपावलांनी. १९०९ साली डोरोथी लेव्हिट या ब्रिटिश चालक स्त्रीने मोटार चालवणाऱ्या स्त्रियांसाठी एक पुस्तक लिहिले. मागची वाहतूक पाहण्यासाठी जवळ हातआरसा बाळगावा, असा सल्ला तिने त्यात दिला. पुढे दोनच वर्षांनी, ३० मे १९११ रोजी, इंडियानापोलिसची पहिली पाचशे मैलांची शर्यत झाली. इतर गाड्यांत चालकाशेजारी मेकॅनिक बसे आणि मागून कोण येते आहे हे तो सांगे. रे हॅरोन यांची 'मार्मन वास्प' मात्र एकआसनी होती. प्रतिस्पर्ध्यांनी हरकत घेतली, तेव्हा हॅरोन यांनी डोळ्यांसमोर एक आरसा बसवून घेतला आणि शर्यत जिंकली. अशा प्रकारचा आरसा आपण पूर्वी शिकागोत एका घोडागाडीवर पाहिला होता, असे ते सांगत. पण विटांच्या त्या धावपट्टीवर गाडी इतकी थरथरत होती की आरशात काहीच धड दिसत नव्हते, हेही त्यांनीच नंतर सांगून टाकले. म्हणजे मोटारीच्या इतिहासातला हा सर्वांत प्रसिद्ध आरसा जवळजवळ निरुपयोगी होता! १९२० च्या दशकाच्या आरंभी एल्मर बर्गर यांनी रस्त्यावरच्या गाड्यांसाठी असा आरसा बाजारात आणला. त्याचे नाव 'कॉप-स्पॉटर', म्हणजे पाठलागावरचा पोलीस हेरणारा. सुरक्षिततेचा विचार नंतरचा, हे त्या नावातच स्पष्ट आहे.

आपल्याकडे या आरशाला आणखी एक संदर्भ चिकटला. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये फियाट ११०० च्या घराण्यातली जी गाडी बनत असे, तिचे १९७० च्या दशकात 'पद्मिनी' असे नामकरण झाले. पद्मिनी म्हटले की आरसा आठवतोच. मलिक मुहम्मद जायसीच्या 'पद्मावत' या अवधी काव्यात (१५४०) अलाउद्दीन रत्नसेनाशी बुद्धिबळ खेळत असताना त्याला आरशात राणीचे प्रतिबिंब दिसते. चितोडच्या १३०३ सालच्या स्वारीत अलाउद्दीनबरोबर असलेल्या अमीर खुस्रोच्या वृत्तांतात या राणीचा उल्लेख नाही. तरी चितोडगडावरच्या पद्मिनी महालात तो प्रसंग पटवून देण्यासाठी काचेचे आरसे लावले गेले, आणि ते आरसे अगदी आधुनिक होते. २०१७ मध्ये काही निदर्शकांनी ते फोडले. काव्यातल्या आरशाची जागा भरून काढणारा बाजारचा आरसा हासुद्धा एक जीर्णोद्धारच म्हणायचा. फक्त मूळ वस्तू कधी होती की नाही, हे विचारायचे राहून गेले.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. आरशाचा चांदीचा थर केसाच्या जाडीपेक्षा कित्येक शेकडो पटींनी पातळ असतो. त्यामागे बहुधा तांब्याचा थर आणि त्यावर रंगाचा लेप. दमट हवा कडेने आत शिरते, गंधकाच्या वाफा चांदी काळवंडवतात. म्हणून डाग नेहमी काठापासून आत सरकतात. समुद्राकाठच्या गाड्यांना हे विशेष भोगावे लागते. नवी चांदी चढवायची तर काच चौकटीतून सोडवून मागचा रंग काढतात, जुने थर सौम्य नायट्रिक आम्लाने विरघळवतात, काच ऊर्ध्वपातित पाण्याने धुतात आणि कथिलाच्या क्षाराचे पाणी फिरवतात. मग सिल्व्हर नायट्रेटचे अमोनियायुक्त द्रावण आणि ग्लुकोज एकत्र ओतले की काही मिनिटांत काचेवर चेहरा उमटू लागतो. बारावीच्या प्रयोगशाळेतली आरसा-चाचणी ती हीच. उरलेले द्रावण साठवून ठेवायचे नसते, कारण कालांतराने त्यात स्फोटक पदार्थ तयार होतो.

काही आरशांची काच पाचरीसारखी असते, वरून जाड आणि खालून पातळ. रात्री मागच्या गाडीचा झोत डोळ्यांवर आला की खालची कळ ओढायची. मग चांदीचे तेजस्वी प्रतिबिंब छताकडे वळते आणि काचेच्या पुढच्या पृष्ठभागावरून परतणारा सुमारे चार टक्के प्रकाश तेवढा चालकाला दिसतो. काचवाला अशा आरशाच्या मापाची साधी सपाट काच कापून देतो. दिसायला ती तशीच, पण कळ ओढून काही घडत नाही. आमच्या मते मोटारीच्या जीर्णोद्धारातली याहून मोठी फसवणूक नाही.

रस्किन यांनी १८४९ मध्ये इमारतींच्या जीर्णोद्धारावर कडाडून हल्ला चढवला होता. जुन्याचे नवे करणे म्हणजे जुन्याचा नाशच, ही त्यांची भूमिका. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाची २०१२ ची तुरीन सनद इतकी कडवी नाही. पण जतन आणि जीर्णोद्धार यांत ती भेद करते आणि केलेल्या कामाची नोंद ठेवायला सांगते. आम्हांला मात्र येथे आठवतात ते वि. स. सुकथनकर. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत त्यांनी संहिता सिद्ध केली, परंतु स्वीकारले न गेलेले पाठ तळटिपांत जपले. संपादकाचा निर्णय चुकला असे वाटले तर वाचकाला मागे जाता येते. आरशाला तळटीप नसते. एकदा आम्ल फिरले की १९७० च्या दशकातली चांदी गटारात जाते आणि तिचा पाठभेद कुठेही उरत नाही.

यावर असा आक्षेप येईल की आरशाला स्वतःचा मजकूर तरी कुठे असतो? त्याने दुसऱ्याचे दाखवायचे. डागांमुळे ते दाखवणे बंद झाले तर जुनेपण जपून काय साधले? हा आक्षेप आम्ही बराचसा मान्य करतो. गाडी रस्त्यावर धावणार असेल तर मागचा ट्रक दिसलाच पाहिजे, तेथे रस्किनचे ऐकून चालणार नाही. मात्र मूळ काच टिकवावी, चौकटीवरचे ओरखडे नव्या मुलाम्याखाली दडपू नयेत, आणि आम्ल ओतण्यापूर्वी काचेची मागची बाजू छायाचित्रात घ्यावी. एवढी तळटीप तरी शक्य आहे.

हे सारे सुचण्याचे निमित्त आमच्यापैकी एकाच्या घरची पद्मिनी. वडिलांनी ती अनेक वर्षे मुंबईत टॅक्सी म्हणून चालवली आणि नंतर घरच्या वापरासाठी ठेवली. २००३ च्या ऑक्टोबरात नोंदवलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपून २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली, तेव्हापासून घरात त्या आरशाचा विषय निघू लागला. उजव्या कोपऱ्यात रुपयाएवढा काळा डाग आहे. आरसा सारखा करण्यासाठी वडिलांचा अंगठा जेथे टेकत असे तेथे चौकटीचा मुलामा झिजून खालचे पितळ दिसते. चौकटीला हात लावायचा नाही, यावर आमचे एकमत आहे. काचेवर मात्र मतभेद आहेत. मुलगा म्हणतो, चांदी नवी करू. आईचे म्हणणे असे की त्या काचेत तीस वर्षे प्रवासी दिसले, ती तशीच राहू द्या. तूर्त काच सुती फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवली आहे आणि गाडीला दीडशे रुपयांचा चिमट्याचा आरसा लावला आहे.