गळ्यातली गाठ आणि परळची वाट

साखरशेतच्या बचत गटांकडून आम्ही बोलतोय. पायाला काटा लागून चिघळला की जांघेत अवधाण येतं, हे आपल्याला ठाऊक आहे. तशाच लसीका गाठी मानेतही असतात. गळ्यातल्या थायरॉइडला कॅन्सर झाला तर तो या गाठींत उतरतो का, आणि ऑपरेशनात त्याही काढतात का, असं बैठकीत एकीने विचारलं. उत्तरासाठी जरा मागे जाऊ.

स्वित्झर्लंडच्या डोंगरात आयोडीन कमी, म्हणून तिथे एके काळी गलगंड फार असे. पूर्वी त्याच्या ऑपरेशनात रक्त जाऊन माणसं दगावत. बर्न शहरातल्या थिओडोर कोखर यांनी सावकाश, रक्त थांबवत ऑपरेशन करायची रीत बसवली. अख्खी ग्रंथी काढली की माणूस सुस्त होतो, सुजतो, हेही त्यांनीच १८८३ मध्ये सांगितलं. १९०९ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. आज ती उणीव रोजच्या एका गोळीने भरून निघते.

आपल्याकडे परळला २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झालं. १९५६ मध्ये तुर्भ्याला अप्सरा अणुभट्टी चालू झाली, आणि १९६३ मध्ये परळलाच अणुऔषधांचं केंद्र निघालं. तिथे थायरॉइडच्या कॅन्सरला किरणोत्सारी आयोडीन देऊ लागले. थायरॉइडच्या पेशी आयोडीन ओढून घेतात. आधी ग्रंथी काढली, की हे औषध दूर पसरलेल्या पेशींपर्यंत पोचतं.

आता बैठकीतला प्रश्न. थायरॉइडचा पॅपिलरी कॅन्सर मानेतल्या गाठींत बऱ्याचदा उतरतो. फॉलिक्युलर कॅन्सर मात्र क्वचितच. तो पसरला तर रक्तातून, फुफ्फुसात आणि हाडांत जातो. म्हणून फॉलिक्युलरमध्ये मानेच्या गाठी सरसकट काढत नाहीत. सोनोग्राफीत किंवा हाताला संशयाची गाठ लागली, तिची तपासणी झाली, तरच काढतात. विनाकारण काढल्या तर आवाजाची नस आणि कॅल्शियम सांभाळणाऱ्या बारीक ग्रंथी दुखावण्याची भीती असते.

आणखी एक. फॉलिक्युलर गाठ साधी की कॅन्सरची, हे सुईच्या तपासणीत ठरत नाही. गाठीने आपलं आवरण फोडलंय का, ती रक्तवाहिनीत शिरलीय का, हे काढलेली गाठ तपासल्यावरच कळतं. त्यामुळे कधी आधी अर्धी ग्रंथी काढतात आणि पुढे गरज पडली तर उरलेली. दुसऱ्यांदा बोलावलं म्हणजे पहिलं ऑपरेशन बिघडलं, असं समजून घरी बसू नका.

गळ्यातल्या बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात. पण गाठ वाढत असेल, आवाज बसला असेल, घास अडकत असेल, तर आधी जव्हारच्या सरकारी दवाखान्यात दाखवा. गाठीला लोखंड लागलं की ती पसरते, या बोलण्यावर जाऊ नका. पुढे मुंबईला जायचं ठरलं तर रेशनकार्ड आणि आधार बरोबर घ्या, महात्मा फुले योजनेत बसतं का विचारा. एकटीने जाऊ नका. गाडीभाड्याला पैसे नसतील तर गटात सांगा. आपली बचत अशाच वेळेसाठी आहे.